घरातलीच माणसं

आमच्या औसा तालुक्यात कुणाचं मन बिघडलं की पहिला शब्द यायचा तो 'बाहेरचं'. बाई जेवेना झाली, रात्री उठून अंगणात बसायला लागली, भरल्या घरात गप्प राहायला लागली की शेजारणी हळू आवाजात म्हणायच्या, "बाहेरचं दिसतंय बाई, बघून घ्या." मग अमावास्या-पौर्णिमा, लिंबू, नारळ, अंगारा. आमच्या गल्लीतल्या एका सुनेला देवऋष्यापुढं बसवलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. ती घुमायला लागली की देवऋषी विचारायचा, "कोण हाईस तू? कवापासून हाईस? काय पायजे तुला?" एरवी जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ती बाई मग घडाघडा बोलायची. सासूचं बोलायची, माहेरची वाट बंद झाल्याचं बोलायची. सगळं ऐकून झालं की देवऋषी दरडावायचा, "जा, सोड हिला." जे बोलत होतं त्यालाच हाकलायचं. महिन्या-दोन महिन्यांनी ते परत यायचं आणि पुन्हा नारळ फुटायचा.

पुढं वयाच्या ५२व्या वर्षी पुण्यात एका समुपदेशक बाईंनी मला जवळपास हेच प्रश्न विचारले. कोण आहे, केव्हापासून आहे, त्याला काय हवं आहे. हाकलायची गोष्ट मात्र त्यांनी एकदाही काढली नाही. त्या उपचाराबद्दल लिहायचं तर मला आधी १९७२ सालाकडं जावं लागतं.

माझा जन्म १९६४चा. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. बहात्तरच्या दुष्काळावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव. माझ्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं, कारण त्या सालच्या दिवाळीनंतर मला घरातून पाठवून दिलं. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंही दुष्काळी कामावर जायचे. घरात आजी, थोरला भाऊ, मी आणि अंगावर पिणारा धाकटा. दादांची बहीण शिरोळ तालुक्यात होती. तिचे मालक फार वर्षांपूर्वी गुऱ्हाळाच्या कामाला म्हणून पंचगंगेच्या काठाला गेले आणि तिथलेच झाले. नदीचं पाणी, ऊस, गूळ. आमच्याकडच्या माणसाला त्या साली तो मुलूख स्वप्नातला वाटावा असा होता.

लातूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी तेव्हा छोटी गाडी होती. तिला बार्शी लाइट म्हणायचे. त्या गाडीनं दादा मला मिरजेला घेऊन गेले आणि तिथून एसटीनं आत्याच्या गावाला. एक रात्र राहिले. सकाळी निघताना थांब्यावर मला म्हणाले, "चार दिसांनी येतो. आत्याला तरास देऊ नको. मिळंल ते खा, मागू नको." एसटी गेली.

मी बोटांवर चार दिवस मोजले. पाचव्या दिवसापासून संध्याकाळच्या एसटीला थांब्यावर जाऊन उभी राहायला लागले. किती दिवस गेले ते सांगता येणार नाही. एक दिवस जायचं बंद केलं, एवढं आठवतं. दादा आले ते पुढच्या सालच्या पोळ्याला. चारचे दहा महिने झाले होते.

आत्याकडं माझे हाल झाले नाहीत, हे स्पष्ट लिहायला पाहिजे. तिच्या पोरांसारखंच तिनं मला ठेवलं. पण मला 'तरास देऊ नको' सांगितलेलं होतं. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, शेण काढायची, भांडी घासायची, तिचं तान्हं कडेवर घेऊन फिरायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "पोरगी लई गुणाची हाय." मी कधी काही मागितलं नाही. घरची आठवण यायची ती दिवस मावळताना. आत्याच्या मालकांना मी मामा म्हणायची. ते गुळव्या होते. काईल उतरली, गूळ वाफ्यात ओतला की ते मला हाक मारायचे. माझे डोळे ओले दिसले की कोमट गुळाचा गोळा तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "रडू नगंस. हे खा." तो गूळ तोंडात विरघळेपर्यंत रडू थांबलेलं असायचं. मामांइतकं मायेचं त्या गावात मला कुणी वाटलं नाही.

परत आल्यावर त्या दहा महिन्यांबद्दल घरात कुणी बोललं नाही. त्या सालात सगळ्यांनीच काही ना काही सोसलं होतं, माझं काय वेगळं? मी शाळेत हुशार होते. डी.एड. केलं, १९८५ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. लग्न झालं, एक मुलगी, एक मुलगा. आमचे हे शेती बघतात, मायाळू माणूस. सगळं बरं चाललं होतं.

तरी तीन गोष्टी आयुष्यभर माझ्यासोबत राहिल्या. एक, मी कुणाकडं काही मागत नसे. अंगात ताप असला तरी स्वयंपाक करून शाळेत जायची, पाहुणी म्हणून गेले तरी तिथली भांडी घासून यायची. दुसरी, घरातल्या कुणाची एसटी अर्धा तास उशिरा आली तरी माझी छाती आवळायची, हात गार पडायचे. माणूस दारात आलं की मी काही बोलायची नाही, निमूट ताट वाढायची. तिसरी गोष्ट गुळाची. रात्री एक-दोनला जाग यायची आणि मी अंधारात स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला गूळ खायची. भुकेनं नव्हे. उभ्या उभ्या, मूठ मूठ. २०११ साली साखरेचा आजार निघाला. डॉक्टर रागवले, मुलीनं गूळ आणणंच बंद करायला लावलं, मी स्वतःला शपथा घातल्या. घरात गूळ नसला तर मी कोठीतली साखर खाल्ली आहे.

मग २०१६चा उन्हाळा आला. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. गाडीला नाव दिलं होतं 'जलदूत'. टीव्हीवर दाखवत होते, स्टेशनात माणसं जमली होती, आनंद होता. घरातले सगळे बघत होते. मला मात्र श्वास घेता येईना. घशाशी गोळा आला, पाठीला घाम सुटला. हृदयाचं काही असेल म्हणून यांनी दवाखान्यात नेलं. पट्टी काढली, ती चांगली निघाली. त्या महिन्यात मी जवळजवळ रोज रात्री उठले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी होते, तिचा आकडा १०.८ आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर परिणाम सुरू झाल्याचं सांगितलं. असंच चाललं तर दिसणं जाईल, म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरचं काम न्हाई ह्ये. बाहेरचं बघून घ्या."

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी मला पुण्याला घेऊन गेली. तिथं म्हणाली, "आई, मी एका मॅडमची वेळ घेतलीय. फक्त बोलायचं असतं."

"कशाला गं? मला काय येड लागलंय का?"

"नाही लागलं. पण तू रात्री काय करतेस ते तुला कळतं का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गेले.

मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. मी शिक्षिका म्हटल्यावर त्या मला 'बाई'च म्हणायला लागल्या. मी सांगितलं, माझा जिभेवर ताबा नाही, तेवढं काहीतरी करा. त्यांनी ते मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही. म्हणाल्या, "रात्री तुम्हाला उठवून गुळाकडं नेणारा तुमच्यातला एक भाग आहे, असं आपण तात्पुरतं समजू. त्या भागाबद्दल तुम्हाला काय वाटतं, बाई?"

"काय वाटणार? राग येतो. लाज वाटते."

"म्हणजे रागावणारा आणखी एक भाग झाला. तो आपलं बोलणं होईपर्यंत थोडा बाजूला बसेल का? विचारून बघा."

मला आधी हे पोरखेळासारखं वाटलं. ३० वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईनं डोळे मिटून स्वतःच्या रागाला 'जरा सरकून बस' म्हणायचं! पण म्हटलं, पैसे भरलेत, करून बघू. बराच वेळ गेला. मग खरंच छातीतलं काहीतरी सैल झालं. त्यांनी विचारलं, तो गुळाचा भाग अंगात कुठं जाणवतो? मी म्हटलं, घशाशी. त्यांनी विचारलं, "तुमचं वय किती आहे असं त्याला वाटतं?"

विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "आठ."

त्या दिवशी पुढं फार बोलणं झालं नाही. मला घरी येऊन झोपावंसं वाटलं आणि दुपारभर झोपले.

या पद्धतीची माहिती मला मॅडमनी दिली, थोडी मुलीनं वाचून सांगितली. रिचर्ड श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञानं १९८०च्या दशकात शिकागोत ती बांधत आणली. ते मूळचे कुटुंबावर उपचार करणारे. घरातलं एक माणूस बिघडलं तर त्याला एकट्याला धरून उपयोग नाही, अख्ख्या घराचं एकमेकांशी काय चाललंय ते बघायचं, हे त्यांचं शिक्षण. त्यांच्याकडं अशा तरुण मुली यायच्या ज्या एका बैठकीत वाटेल तेवढं खायच्या आणि मग ते ओकून टाकायच्या. घरच्यांशी बोलून, समजावून झालं तरी त्या मुलींचं खाणं थांबेना. त्याच मुली सांगायला लागल्या की आमच्यातला एक भाग आम्हाला खायला लावतो, दुसरा शिव्या घालतो, आणि आत एक कुणीतरी फार एकटं आहे. श्वार्ट्झ यांनी आधी त्या भागांशी भांडण करून पाहिलं. स्वतःला इजा करणाऱ्या एका मुलीच्या तशा भागाकडून त्यांनी, पुन्हा करणार नाही, असं वदवून घेतलं. पुढच्या वेळी ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. तेव्हा त्यांनी हात टेकले आणि त्या भागाला, तू हे का करतोस, असं साधं विचारलं. उत्तर मिळायला लागलं. ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे. त्यातून जी पद्धत झाली तिला इंग्रजीत 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' म्हणतात, म्हणजे आतलं कुटुंब. १९९५ला त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, आणि २०२१ला सामान्य वाचकांसाठी 'नो बॅड पार्ट्स' नावाचं पुस्तक. कुठलाच भाग वाईट नसतो, असं ते नावच सांगतं.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ही मांडणी लवकर कळते. त्यात तीन तऱ्हेची माणसं सांगितली आहेत. पहिली कारभारी. घराची अब्रू जाऊ नये, कुणी बोट दाखवू नये म्हणून पहाटेपासून राबणारी, सगळ्यांना शिस्त लावणारी. 'मागू नको, जड होऊ नको' म्हणणारी माझ्यातली ती गुणाची पोरगी म्हणजे ही कारभारीण. दुसरी आग विझवणारी. गावात कडब्याची गंज पेटली की माणसं पाणी, माती, हाताला येईल ते टाकतात. शेजारची सपरं ओढून पाडतात. काय भिजलं, काय मोडलं, हे त्या वेळी कुणी बघत नाही. आत दुःखाचा भडका उडाला की हे भाग तसंच करतात. कुणाला दारू, कुणाला तंबाखू, कुणाला संताप. माझ्यात गूळ. आणि तिसरी, ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं ती. इंग्रजीत त्यांना हद्दपार केलेली म्हणतात. जी भीती, जे रडू त्या वयात पेलवलं नाही ते घेऊन बसलेली लेकरं. घर चालावं म्हणून त्यांना मागच्या खोलीत ठेवून कडी लावलेली असते.

हा शब्द ऐकला तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. मला तर खरोखरच घराबाहेर पाठवलेलं होतं.

या तिघांखेरीज प्रत्येक माणसात एक 'स्वतः' असतो, असं ही पद्धत मानते. तो शांत असतो, त्याला विचारपूस करायची इच्छा असते, माया असते, धीर असतो. त्याला नव्यानं तयार करावं लागत नाही, भाग जरा बाजूला सरकले की तो दिसतो. मला यावर आमच्या चुलत आजीची आठवण आली. वाड्यात जावाजावांची भांडणं लागली की ती ओसरीवर येऊन बसायची. न्याय करायची नाही. एकेकीला जवळ बोलवायची आणि म्हणायची, "तुझं सांग." दुसरी मधे बोलली तर, "तुझंबी ऐकणार हाय, थांब." तेवढ्यानंच निम्मं भांडण निवायचं. मॅडम मला माझ्याच घरात ते आजीचं काम करायला शिकवत होत्या. आम्ही शाळेत मनाचे श्लोक म्हणून घ्यायचो. २०५ श्लोक, मनाला हाक मारून सांगितलेले. मनाशी बोलायची रीत आपल्याकडं जुनी आहे. पण श्लोकात मनाला शिकवण असते. इथं आधी मनाला विचारायचं होतं.

पुढच्या बैठकांत एक गोष्ट मला फार पटली. मागच्या खोलीची कडी मॅडमनी कधी परस्पर काढली नाही. आधी कारभारणीला विचारायचं, "आम्ही तिकडं गेलो तर चालेल का? तुला कशाची भीती वाटते?" माझ्या कारभारणीची भीती अशी होती की ती पोरगी एकदा रडायला लागली तर थांबणार नाही, मग शाळा कोण करील, घर कोण बघील. गुळाच्या भागाला विचारलं, तू थांबलास तर काय होईल? तो म्हणाला, ती रडंल. बस, एवढंच. पाच वर्षं ज्याला मी शिव्या घातल्या, तो बिचारा मामांनी शिकवलेलं काम इमानानं करत होता. एखाद्या पोराचं रडू थांबवायला त्याला गुळाशिवाय दुसरं काही माहीतच नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आता मी मोठी झाले आहे आणि हा गूळ माझे डोळे नेतो आहे.

चौथ्या का पाचव्या बैठकीत दोघांनी वाट दिली. मी डोळे मिटून बसले होते. आत्याच्या गावचा एसटीचा थांबा दिसला. लिंबाचं झाड. खाली ती उभी. केसांना तेल नाही, फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत धरलेला. मॅडम हळू म्हणाल्या, "तिला बघून तुम्हाला काय वाटतं?" मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. तिच्याजवळ जावंसं वाटलं. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग जा."

मी गेले. ती वर बघून मला म्हणाली, "चार दिवस झाले का?"

या प्रश्नावर मी किती रडले ते लिहीत नाही. मॅडमनी पाणी दिलं, थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही किती वर्षांच्या आहात ते तिला सांगा." मी सांगितलं. ५२ वर्षांची आहे, शिक्षिका आहे, दोन लेकरं आहेत. दादा पोळ्याला आले आणि तुला घेऊन गेले, हे पण सांगितलं. तिला हे ठाऊकच नव्हतं. मी घरी परत आले, शिकले, दादांना जाऊनही वर्षं झाली, पण माझ्यातल्या त्या पोरीसाठी दादा अजून आलेच नव्हते. म्हणून एसटीला उशीर झाला की ती घाबरायची. मिरजेची गाडी लातूरला आली आणि त्या गाडीतून कुणी माणूस उतरलंच नाही, तेव्हा तिनं काय समजावं? आता ती लाइन ब्रॉडगेज झाली आहे, पण ती पोरगी नेलेल्या त्याच वाटेनं ते पाणी आलं होतं.

शेवटी तिच्याकडचं ओझं उतरवायचं असतं. तिनं काय धरून ठेवलंय, ते कुठं टाकायचंय, तीच सांगते. पाण्यात, वाऱ्यावर, मातीत, आगीत, तिला वाटेल तिथं. माझ्या पोरीकडं 'मागू नको' होतं. ती म्हणाली, चुलवाणात टाकायचं. मामांच्या गुऱ्हाळाचं चुलवाण, चिपाडाची झळझळीत आग. टाकलं. मग तिला तिथून कुठं नेऊ, असं विचारलं तर म्हणाली, शाळेत.

हे वाचून कुणाला वाटेल की त्या दिवसापासून गूळ सुटला. तसं होत नाही. सुट्टी संपून मी गावाकडं आले, मॅडमशी महिन्यातून एकदा फोनवर बोलत राहिले. अजूनही काही रात्री जाग येते. पलंगावरच बसते, घशावर हात ठेवते आणि विचारते, "काय झालं गं?" बहुतेक वेळा काही तरी झालेलं असतं. मुलाचा फोन आलेला नसतो किंवा कुणी काही लागेल असं बोललेलं असतं. पाच-दहा मिनिटं तिच्याजवळ बसलं की झोप लागते. कधी कधी डब्यापर्यंत जातेही. पण शिव्या घालत नाही, आणि मूठभराचा खडा झाला आहे. वर्षभरानं साखरेचा तो आकडा ७.४ आला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या होत्या, मी रोज चालायला लागले होते, त्यामुळं सगळं श्रेय या बोलण्याला देणं बरोबर होणार नाही. पण याआधी गोळ्या आणि चालणं दोन्ही चार वेळा सुरू करून सुटलेलं होतं, या वेळी टिकलं. डोळे आहेत तसे आहेत.

या पद्धतीवर संशोधन झालं आहे, पण इतर जुन्या उपचारांवर जेवढं झालंय त्या मानानं कमी. ज्याला भास होतात, ज्याचा वस्तुस्थितीवरचा ताबा सुटतो, त्यानं आधी मानसोपचार डॉक्टरांकडं जावं, चालू गोळ्या बंद करू नयेत आणि एकट्यानं बसून असली मागची दारं उघडू नयेत. मॅडमनी मलाही पहिल्याच दिवशी हे सगळं विचारून घेतलं होतं. खेड्यात असे समुपदेशक सापडत नाहीत, हेही खरं. २०२२पासून सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तिथं हीच पद्धत मिळेल असं नाही, पण सुरुवात होते. मी गावातल्या दोन बायांना तो लावून दिला आहे. एकीनं दुसऱ्या खोलीत जाऊन अर्धा तास बोलून आल्यावर डोळे पुसत मला म्हटलं, "ऐकून घेतलं बाई तिनं."

त्या वर्षीच्या दिवाळीला माहेरी गेले. माय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं. दुपारी ती शेंगा फोडत बसली होती, मी पण बसले आणि विचारलं, "माय, मलाच का धाडलं गं आत्याकडं?"

तिनं हात थांबवला नाही. "थोरला खडी फोडायला लागत व्हता. धाकटा अंगावर पेत व्हता. मदली तू."

"आणि चार दिवस का सांगितलं?"

"दहा म्हैने सांगितलं असतं तर ऱ्हायली असतीस का?"

मी काही बोलले नाही. माझी कारभारीण म्हणाली असती, जाऊ दे, म्हातारीला कशाला त्रास. मी तिला जरा थांब म्हटलं आणि मायला म्हणाले, "मी रोज यष्टीला जाऊन उभी राहायची."

तेव्हा तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्या साली गावात लगनाला गूळ मिळत नव्हता. तुझा बाप म्हनला, एक लेकरू तरी गुळाच्या घरी राहील." मग चार शेंगदाणे सोलून तिनं माझ्या हातावर ठेवले आणि पुन्हा फोडायला लागली. इतक्या वर्षांत त्यावर आमचं झालेलं बोलणं ते एवढंच. मला ते पुरलं.

मी ज्या शाळेत शेवटची सहा वर्षं होते तिथली निम्मी पोरं ऊसतोड करणाऱ्यांची. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळ्या निघतात. कोयत्याची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. बऱ्याच जणांचे कारखाने कोल्हापूर-सांगलीकडचे. काही पोरं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. २०१७च्या हंगामात तिसरीतला एक पोरगा मधल्या सुट्टीत जेवायला बसेना, फाटकाशी जाऊन उभा राहायला लागला. विचारलं तर म्हणाला, "माय चार दिसांनी येते म्हनलीय."

मी संध्याकाळी त्याच्या आजीकडून नंबर घेऊन त्याच्या आईला फोन लावला. फडावर होती. म्हटलं, "बाई, तू त्याला खरं सांग. कधी येणार?" ती म्हणाली, "पाडवा होतोय बघा बाई. पर तेला कसं सांगू? रडंल त्यो." मी म्हटलं, "रडू दे. मी आहे इथं." तिनं फोनवर सांगितलं. पोरगा रडला, चांगला अर्धा तास. मी जवळ बसून राहिले, गप्प कर म्हटलं नाही. मग वर्गातलं कॅलेंडर काढून आम्ही दोघांनी पाडव्याच्या तारखेला लाल खूण केली आणि रोज शाळा सुटताना एक चौकोन खोडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आणखी सात पोरं खूण करायला आली.

पुढच्या हंगामापासून निघायच्या आधी मी घरोघर जाऊन सांगायची, तारीख सांगून जा, आणि शनिवारी एक फोन करा. काही जणांनी ऐकलं. २०२२ला मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला वर्गाच्या किल्ल्यांबरोबर ते कॅलेंडर कसं चालवायचं तेही दाखवलं. ती चालवते आहे.